तुम्ही द्याल ते

डोंबिवलीत आमचं पोळीभाजी केंद्र आहे. वर्षभर पोळ्या, भाज्या आणि डबे, गणपतीत उकडीचे मोदक, नवरात्र उलटलं की दिवाळीचा फराळ. कामाला नऊ जणी. पोळ्यांची मजुरी नगावर, फराळाची किलोवर, आणि निवडणं, चिरणं, भांडी, पॅकिंग यांची रोजावर. धंदा सासूबाईंनी सुरू केला, आता मी बघते. नऊपैकी दोघी सासूबाईंच्या वेळच्या, म्हणजे या ओट्याशी माझ्याही आधीपासून उभ्या.

दिवाळीला त्यांना काय द्यायचं ते ठरलेलं असायचं: साडी, मिठाईचा पुडा आणि पाकीट. साड्या उल्हासनगरहून ठोकात यायच्या, डिझाइन एकच, फार तर रंग वेगवेगळे. त्यातली एक मला पुढच्या लग्नसराईत दिसली, पण आमच्या कुणाच्या अंगावर नव्हे. आहेरात हात बदलत बदलत ती भलतीकडेच पोचली होती. यात रागवण्यासारखं काही नाही. माझ्याही कपाटात द्यायघ्यायच्या साड्यांचा गठ्ठा वेगळा ठेवलेला आहे. फक्त एवढं लक्षात आलं, की दरवर्षी मी जे कौतुकाने देते ते त्यांच्या घरी त्या गठ्ठ्यात जातं. तेव्हा म्हटलं, यंदा विचारूनच घेऊ.

विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, ‘‘तुम्ही द्याल ते, वहिनी.’’ बरोबरच आहे. मजुरी देणाऱ्या बाईने समोर उभं राहून ‘काय देऊ’ विचारल्यावर दुसरं काय बोलणार? कमी मागितलं तर आपलं नुकसान, जास्त मागितलं तर हावरट ठरायची भीती.

माझा भाचा हिंजवडीत आयटीत आहे. त्याने सुचवलं, दर महिन्याला एकीचा फोटो भिंतीवर लावा, खाली ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’. मी त्याला आमची चकली कशी होते ते सांगितलं. भाजणी भाजते एक, उकड काढून मळते दुसरी, सोऱ्या फिरवते तिसरी आणि कढईशी उभी असते चौथी. मोहन कमी पडलं तर चकली दातांनी फुटत नाही, जास्त झालं तर तेलात विरघळते, आणि चूक कुठे झाली हे कढईशी आल्यावरच कळतं. यातल्या कुणाचा फोटो लावू? एकीचा लावला की आठ जणींची तोंडं महिनाभर वाकडी. मोठ्या कंपन्यांत चालत असेल. एका ओट्यावर काम करणाऱ्या नऊ बायकांत ते भांडणाचं आमंत्रण आहे.

शेवटी मी चकलीवाल्या मावशींना मध्ये घातलं. त्या सगळ्यांत जुन्या, आणि मलाही ‘अहो वहिनी, गप्प बसा जरा’ म्हणू शकतात. त्यांनी काही यादीबिदी आणून दिली नाही. दुपारी दोन ते चार आमच्याकडे निवडण-टिपण चालतं, कामाचा रेटा नसतो. त्या वेळात लसूण सोलता सोलता त्या एकेक गोष्ट माझ्या कानावर घालत गेल्या. कुणाचं काय आहे हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिली गोष्ट पैशाची नव्हतीच. सुट्टीच्या तारखा आधी सांगा, असं होतं.

फराळाच्या धंद्यात शेवटचे चार दिवस सगळ्यात कमाईचे. वसुबारस झाली तरी फोन येत राहतात, ‘दोन किलो चकली मिळेल का हो, जास्त देऊ’. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दुपारपर्यंत कढई चालू असायची. नऊ जणी दुसऱ्यांच्या घरचे डबे भरून संध्याकाळी आपल्या घरी पोचायच्या तेव्हा त्यांच्या दारात रांगोळीही नसायची. भाऊबीजेला माहेरी जायचं तर गाडीचं तिकीट नाही, कारण आम्ही नक्की कधी बंद करणार हे मलाच माहीत नसायचं. दोघी रत्नागिरीकडच्या, एक जळगावची, एक साताऱ्याची. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं (पूर्वी 120 दिवस होतं). म्हणजे 18 ऑक्टोबरच्या तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट 19 ऑगस्टला सकाळी आठला काढायला बसायचं. मी सुट्टी दसऱ्यानंतर जाहीर केली तर ती असून नसून सारखीच.

मग 2025 च्या दिवाळीसाठी मी ऑगस्टच्या सुरुवातीलाच फळ्यावर खडूने लिहिलं: शेवटची डिलिव्हरी वसुबारसेला, 17 ऑक्टोबर, काम पुन्हा सुरू सोमवारी, 27 ऑक्टोबर. लिहिताना पोटात गोळा आला, हे खरं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना मेसेज केले की यंदा वसुबारसेनंतर फराळ मिळणार नाही. काहींनी आधी मागवला, काही दुसरीकडे गेले. एका बाईंनी मला फोनवर सुनावलं, ‘‘ऐन दिवाळीत दुकान बंद? तुम्हाला धंदा करायचाय की नाही?’’ शेवटच्या चार दिवसांचं उत्पन्न गेलं ते गेलंच, ते कुठून भरून निघालं नाही. आजवर या बायकांसाठी मी जे काही केलं त्यात सगळ्यात महाग हेच पडलं, आणि त्यात हातात द्यायला काहीच नव्हतं, ना पाकीट ना पुडा.

त्यात त्याच वर्षी अमेरिकेची पार्सलं अडली. तिथल्या सरकारने 800 डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी 29 ऑगस्टपासून काढून घेतली, आपल्या टपाल खात्यानेही तिकडची पार्सलं घेणं थांबवलं, आणि ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरच्या मध्यावर. तोवर फराळ पाठवायचे दिवस संपले होते. आमच्याकडून सप्टेंबरातच न्यू जर्सी आणि टेक्सासला डबे जायचे, ते बहुतेक रद्द झाले. हे मी बायकांना वही दाखवूनच सांगितलं. त्या वर्षी किलोवरची मजुरी कमी बसणार होती, आणि ते त्यांना माझ्या तोंडून कळावं, आपापसांत कुजबुजत नव्हे, असं मला वाटत होतं.

दुसरी गोष्ट पैशाचीच, पण ती सरळ नव्हती. काही जणींना साडीऐवजी रोख हवे होते, आणि काहींना रोख अजिबात नको होते. पोळ्यांच्या काकूंनी मावशींकरवी निरोप पाठवला, पैसे घरी गेले की घरचे होतात. मुलाची फी, नवऱ्याची उधारी, गॅसचं सिलिंडर. दिवाळीचं पाकीट संध्याकाळच्या आत रिकामं, आणि बाईच्या वाट्याला त्यातलं काहीच नाही. साडी निदान कुणी हिसकावून नेत नाही. साडीकडे मी कधी या बाजूने बघितलंच नव्हतं.

इथे लाडकी बहीण योजना नकळत कामी आली. 2024 च्या जुलैपासून महिन्याला दीड हजार खात्यात यायचे, तर खातं बाईच्या स्वतःच्या नावावर आणि आधारला जोडलेलं असावं लागतं. आमच्यातल्या ज्यांचं नव्हतं, किंवा होतं पण धूळ खात पडलं होतं, त्यांनी त्या वर्षी बँकेत खेटे घालून ते चालू करून घेतलं होतं. मग प्रत्येकीला विचारून ठरवलं: कुणाचा बोनस खात्यात, कुणाचा रोख, कुणाचा अर्धा अर्धा. दोघींनी पोस्टात पाच वर्षांचं आवर्ती खातं उघडलं, ते 100 रुपयांपासून उघडतं. पहिले काही हप्ते बोनसमधून बाजूला ठेवले. एकीने सरळ सांगितलं, मला कानातलं घ्यायचंय, बरोबर चला, एकटी गेले तर सोनार मला फसवेल. गेले.

बोनस किती द्यायचा याला आमच्याकडे कायद्याचा धाक नाही. कायदा वीस माणसांपासून लागतो, आम्ही नऊ. पण कायद्यातलं किमान 8.33 टक्के हे प्रमाण हिशोबाला सोपं आहे, वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा. पूर्वी सगळ्यांना सारखं पाकीट असायचं. आता मी दिवाळी ते दिवाळी वही धरते आणि प्रत्येकीच्या नावापुढे वर्षाची एकूण मजुरी काढते. एक लाख वीस हजार मजुरी झाली असेल तर बोनस दहा हजारांच्या आसपास. ज्या जणी रोज पहाटे साडेपाचला येऊन कणकेच्या परातीशी बसतात त्यांना हा हिशोब एकदम पटला. अडलं ते एकाच ठिकाणी. भाजीवाल्या ताईंचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं होतं, त्या दोन-अडीच महिने घरी होत्या. वहीप्रमाणे त्यांचा बोनस कमी बसत होता. मला तो भरून द्यायचा होता, पण तसं बोलल्याबरोबर पॅकिंगवाली म्हणाली, ‘‘मग त्यांचं काम आम्ही उरकलं त्याचं काय?’’ ऐकायला कडू, पण खोटं नव्हतं. शेवटी बोनस सगळ्यांचा वहीप्रमाणेच काढला, आणि आजारपणाची मदत त्यातून पूर्ण वेगळी ठेवली. ती दिवाळीची नाही. ज्या महिन्यात आजारपण येईल त्याच महिन्यात द्यायची, आणि तिचा बोनसशी संबंध नाही. ही दोन खाती वेगळी झाल्यावर कुरबुर थांबली.

आमच्यातल्या एक काकू पूर्वी लिज्जतचे पापड लाटायच्या. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेली ती संस्था. तिथे पापड लाटणाऱ्या बायका मालकीण-नोकर नसतात, सगळ्या बहिणी, आणि नफ्यातही सगळ्यांचा वाटा. या काकू एकदा बोलता बोलता म्हणाल्या, ‘‘तिकडं नफा वाटायचे हो.’’ बस, एवढंच, आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. मी तो टोमणा मानायचा की माहिती, हे अजून ठरवलेलं नाही. आमचा धंदा सहकारी नाही, गाळ्याचं कर्ज माझ्या नावावर आहे आणि बुडालं तर मीच बुडणार. पण 2024 पासून मी फराळाच्या मोसमाचा जमाखर्च वेगळा काढते, आणि खर्च वजा जाता जे उरतं त्यातला दहावा हिस्सा नऊ जणींत सारखा वाटते. 2025 ला ही रक्कम अगदीच किरकोळ निघाली. तरी वाटली. काकूंनी मोजून घेतली, काही बोलल्या नाहीत.

फराळाचंच एक सांगायला हवं. पूर्वीपासूनची रीत अशी, की मोडकी चकली, फुटलेली करंजी, तुपात ‘हसलेला’ म्हणजे फिसकटलेला अनारसा बायकांनी घरी न्यायचा. ते चांगलंच असतं, चवीत काही फरक नाही. पण मोडकं ते मोडकंच. आता प्रत्येक जिनसाच्या पहिल्या चांगल्या घाण्यातून नऊ डबे आधी भरून फळीवर ठेवतो, गिऱ्हाइकांचे नंतर. यावर मला वाटलं होतं सगळ्या खूश होतील. तिघींनी डबा नको म्हणून सांगितलं. त्यांना भाजणी दळून हवी होती आणि करंजीचं सारण तयार करून. बाकी घरी त्या स्वतः करणार. ‘‘इथलं आयतं नेलं तर पोरांना दिवाळी आहे असं वाटतच नाही, घरात तळणाचा वास यायला पाहिजे.’’ त्यांना भाजणी आणि सारण देतो. सुट्टी लवकर लागत असल्यामुळे तळायला वेळही मिळतो.

अन्नपदार्थांच्या परवान्यासाठी काम करणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून दाखला ठेवावा लागतो. पूर्वी हे काम आम्ही उरकून टाकायचो. डॉक्टर यायचे, नाडी बघायचे, सह्या करायचे. आता त्याच दिवशी रक्त तपासून घेतो, हिमोग्लोबिन आणि साखर, आणि चष्म्याच्या दुकानातला माणूस डोळे तपासायला येतो. पाच जणींना जवळचं नीट दिसत नव्हतं. त्यातल्या चकलीवाल्या मावशी एक. त्यांनी चष्मा लावून पहिल्यांदा कढईत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘अगोबाई, एवढे काळे ठिपके असतात होय? इतके दिवस मी हे लोकांना खाऊ घातलं?’’ त्या दिवसापासून तेल गाळायच्या बाबतीत त्या माझ्याही मानेवर बसतात. चष्म्यांचा खर्च एका साडीपेक्षा कमी आला.

विम्याचंही याच दिवशी बघून घेतलं. पंतप्रधान सुरक्षा विमा, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख. जीवनज्योती, वर्षाला 436 रुपये, कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख, पण त्यात पन्नाशीच्या आतच शिरता येतं. त्यामुळे जुन्या दोघींना फक्त वीस रुपयेवाला मिळाला. पैसे बँक मे महिनाअखेर खात्यातून परस्पर कापते, म्हणून तेवढी रक्कम मी आधी खात्यात भरते. तळणाचा चटका बसला तर यातून काही मिळत नाही. त्यासाठी ओट्याजवळ वाहतं पाणी आणि डॉक्टरांचा नंबर. फार मोठी गोष्ट नाही ही, पण फॉर्म भरताना वारस म्हणून मुलीचं नाव लावता येतं का हे एकीने तीन वेळा विचारलं.

नावाचा प्रयोग अर्धाच जमला. गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, ‘तुमच्या चकल्या काय सुरेख’. चकली मी केलेलीच नसते. म्हणून आता असे मेसेज मी स्वयंपाकघरात सगळ्यांना ऐकवते. लंडनच्या एका बाईंनी आवाजी निरोप पाठवला होता, चकलीचा काटा अगदी आईसारखा आहे म्हणून. मावशींनी तो ऐकला, हात पुसले, आणि मुलाच्या फोनवर पाठवा म्हणाल्या. यावरून मला सुचलं की पाकिटावर करणारीचं नाव छापावं. मावशींनी साफ नकार दिला. ‘‘नाव नका टाकू. उद्या एखादा घाणा बिघडला तर शिव्या माझ्या नावाने.’’ अनारशाच्या काकूंनी मात्र आनंदाने होकार दिला. यंदा अधिक ज्येष्ठ आला, जावयांना तेहेतीस अनारशांचं वाण द्यायला मे-जूनमध्ये झुंबड उडाली, आणि प्रत्येक डब्यावर काकूंचं नाव होतं. त्यांचा जावई डबा बघून म्हणाला म्हणे, आता मला विकतचेच मिळणार की काय.

संक्रांतीला सगळ्यांना जेवायला बोलावते, त्या दिवशी स्वयंपाक बाहेरून येतो. आधी सगळ्यांनी सुचवलं हळदीकुंकू ठेवा. नऊ जणींत तिघींना नवरा नाही, एकीला असून नसल्यासारखा. ज्यांच्या जिवावर धंदा चालतो त्यांतल्या निम्म्या अशा समारंभात भिंतीकडेला उभ्या राहणार असतील तर तो मी करणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, त्यावर सरकारने राज्यभर परिपत्रक काढलं. आम्हाला परिपत्रकाची गरज नव्हती, पण नाराज झालेल्या एका काकूंना पटवताना हेरवाडचा दाखला उपयोगी पडला. तिळगूळ सगळ्यांना, गजरा सगळ्यांना, वाण म्हणून स्टीलचा डबा सगळ्यांना.

हे सगळं करूनही गेल्या मार्चमध्ये एक मुलगी सोडून गेली. तिला एका क्लाउड किचनने महिन्याला चार हजार जास्त देऊ केले. बोनस, डबा, चष्मा यांतलं काहीही त्या चार हजारांसमोर टिकणारं नव्हतं, आणि तिने टिकवावं अशी अपेक्षाही मी करू शकत नाही. ती गेल्यावर मी पोळीच्या मजुरीचा दर वाढवला. खरं तर तो आधीच वाढवायला हवा होता असं नवरा म्हणतो. तो हिशोब करत नाही, म्हणून त्याला म्हणायला सोपं जातं.

आता गाडी गणपतीवर येऊन अडली आहे. यंदा गणपती 14 सप्टेंबरला, आणि दोघी रत्नागिरीकडच्यांना गावी जायचंय. त्याच दिवसांत आमच्याकडे मोदकांची सर्वांत मोठी ऑर्डर असते, आणि कळ्या पाडण्यात या दोघींचा हात धरणारं कुणी नाही. दिवाळीला कामं बंद ठेवून मी सुट्टी दिली, ती सगळ्यांना एकदम होती. इथे दोघींना सोडायचं आणि सात जणींनी दुप्पट राबायचं, असा मामला आहे. साताऱ्याच्या ताईंचं म्हणणं, जाऊ द्या, पण मग आम्हाला नगामागे दोन रुपये जास्त. पॅकिंगवाली म्हणते, मोदकच निम्मे घ्या. मी अजून काहीच बोललेले नाही. त्या दोघींनी मात्र जुलैमध्ये आरक्षण उघडल्या दिवशीच तिकिटं काढली, आणि तारखा स्वतःच फळ्यावर लिहून ठेवल्या.